विरजण

माझं लग्न ठरताना सांगितलं होतं,
मुलगी पाण्याच्या खात्यात आहे.
कुठल्या पाण्याच्या, ते कुणी विचारलं नाही.

कसबा बावड्याच्या अंगाला, उसाला लागून
जयंती नाल्यातून उपसलेलं शहर येऊन पडतं:
पेठांचं, बंगल्यांचं, लग्नाच्या हॉलचं,
रस्सा ओरपून धुतलेल्या हातांचं,
बाळंतिणीच्या न्हाणीचं.
हवेच्या टाकीतून मी त्यातलं एक लिटर
काचेच्या नळकांड्यात घेते.
रंग, दूध कमी पडलेल्या चहाचा.
घड्याळ लावते. तीस मिनिटं.
गाळ खाली बसतो, वर पाणी उजळतं,
आणि मी आकडा लिहिते: दोनशे ऐंशी.

हिंदुराव चौगलेंना आकडा लागत नाही.
कठड्यावर वाकून नुसत्या वासावरून सांगतात
आज जंतू उपाशी आहेत की पोट बिघडलंय.
जंतू म्हणतच नाहीत ते.
पोरं म्हणतात.

त्यांच्या हाताखाली शिकलेला इर्शाद मुजावर
आता लेहला आहे, ठेकेदाराच्या नव्या प्लांटवर.
डिसेंबरात एका रात्री त्याचा फोन:
"मामा, काय बी चालंना.
पाणी तीन डिग्रीवर आलंय,
हवा इतकी पातळ की ब्लोअर नुसता धापा टाकतोय.
पोरं झोपलीत सगळी."
हिंदुराव बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "खायला काय घालतोस?"

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातनं ढेप आणली,
नखानं खरवडून, चाखून घेतलेली.
आमचं सुटलेलं पाणी ज्या उसाला जातं
त्याचाच हा गूळ, असं त्यांचं म्हणणं.
असेलही. बावड्याचा ऊस
गुऱ्हाळाला जातो की कारखान्याला, मला ठाऊक नाही.
पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय?
"गूळ."
"कुणाला?"
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, नात्यातल्यांना.

ढेपेसोबत वहीचं एक पान होतं:
"टाकी झाकून घे. ताडपत्री, गवत, मिळंल ते.
छावणीच्या जुन्या टाकीतलं दोन बादल्या विरजण माग.
इथलं तिथं लागायचं नाही,
दुधासारखंच असतंय ते.
गूळ पाण्यात कालवून घाल, थोडा थोडा.
आणि सारखं बघायला जाऊ नको.
झाकण उघडून बघितलेलं दही लागत नाही."

जानेवारीत इथला ट्रान्सफॉर्मर उडाला.
ब्लोअर थांबला, आणि इतक्या वर्षांत
पहिल्यांदाच मला रातकिडे ऐकू आले.
तिकडे नाल्यावरचे पंपही गार पडले,
काळं पाणी बांध ओलांडून सरळ पंचगंगेत.
हिंदुराव एक बांबू घेऊन टाकी ढवळत राहिले.
एक बांबू, आणि एवढी टाकी.
मी "राहू द्या" म्हटलं नाही.

त्यातच फोन वाजला.
"मामा, फोटो बघा फोटो!"
काचपट्टीवर देठ धरून उभा एक जीव,
उलट्या घंटेसारखा, तोंड उघडं.
"झाकल्यावर नऊ डिग्री झालं. जागी झाली पोरं.
पण तुमच्याकडं आवाज का येईना?"

"लाइट गेलीय," हिंदुराव म्हणाले,
घरात कुणी आजारी असल्यासारखं, हळू.

पलीकडे पावलं वाजली, कुठलं तरी दार कुरकुरलं.
मग त्या फोनमधून
साडेतीन हजार मीटरवरच्या ब्लोअरची घरघर आली,
बारीक, अडखळती.
हिंदुरावांनी बांबू खाली ठेवला
आणि फोन टाकीवर धरला,
तोंड पाण्याकडे करून.

मी नोंदवहीत लिहिलं: रात्री १.१०, ब्लोअर बंद.
शेऱ्याचा रकाना
तसाच सोडला.